तुमसर रोडवरून गेलेलं पुस्तक

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या सिहोऱ्याला रेल्वे नाही. हावड्याकडे जाणारी गाडी धरायची तर आधी तुमसर गाठायचं आणि मग तुमसर रोड स्टेशन. नागपूरहून सुटलेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला जाते. १८९३ साली हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेचा होता. त्या साली राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघालेला तिशीतला एक मराठी कवी याच वाटेचा प्रवासी होता. कोकणातल्या करजगावात जन्मलेला, संस्कृतात मुरलेला, नागपुरात धनिक बुटींच्या आश्रयाला राहून ग्रंथांचं काम केलेला. नाव नारायण वामन टिळक.

डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. विषय होता काव्याचा, त्यातून बोलणं धर्मावर आलं. उतरण्याआधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नव्या कराराची एक प्रत दिली आणि म्हणाले की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं. पण सज्जन माणसाला शब्द दिला होता, म्हणून पुस्तक वाचायला घेतलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं म्हटली होती, जवळपास तेवढीच लागली.

ही गोष्ट सांगताना लोक भाकिताजवळ थांबतात. मला मात्र त्या दोन वर्षांचं जास्त नवल वाटतं. खिशात मावेल असं एक पुस्तक माणसाच्या आत इतका काळ काम कसं करत राहतं? गाडी पुढं निघून गेली, देणारा आपल्या वाटेनं गेला, पाठीशी ना संस्था ना गुरू. पुस्तक मात्र उघडलं जात होतं.

टिळक थांबले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी. पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन अध्याय, मिळून १११ ओव्या. ख्रिस्ती मंडळी बायबलातल्या वचनांना ओवी म्हणतात, आणि कानाला ते किती आपलं वाटतं! सावकाश वाचलं तरी अर्ध्या तासात होणारा मजकूर. टिळकांना त्यातून उठवेना. जातिभेदाचा त्यांना आधीपासून तिटकारा होता, धर्माची नवी मांडणी करावी असे विचार डोक्यात घोळत होते, प्रश्नांची यादी तयार होती. आणि इथं कुणीतरी वाद न घालता सरळ सांगत होता की शोक करणारे धन्य आहेत, वैऱ्यावर प्रेम करा, दान उजव्या हातानं दिलं तर डाव्याला कळू देऊ नका. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला हा सूर अनोळखी वाटला नसणार. पुढं टिळक म्हणत असत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो.

या प्रवचनाच्या मधोमध एक प्रार्थना आहे. जगभरचे ख्रिस्ती लोक रोज म्हणतात ती. तिच्यातलं एक मागणं मला फार विलक्षण वाटतं. भाकर मागितलीय, पण आजची. महिन्याची नाही, वर्षाची तर नाहीच. त्याच अध्यायाच्या शेवटी उद्याची चिंता करू नका असं पुन्हा बजावलंय. ख्रिस्ती शास्त्रात नवं होणं म्हणजे काय आणि टिकून राहणं म्हणजे काय, याची किल्ली मला या मागण्यात सापडते.

ती किल्ली येशूच्याही कितीतरी शतकं आधी घडवलेली आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना येतो. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात उपाशी आहेत. पहाटे दव उडून गेलं की जमिनीवर बारीक दाणे दिसतात. तेच त्यांचं अन्न. अट एवढीच की माणशी ठरलेलं माप घ्यायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. काहींनी उद्यासाठी झाकून ठेवलं, तर सकाळी त्यात किडे झालेले आणि दुर्गंधी सुटलेली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. असं ४० वर्षं चाललं, असं तो ग्रंथ सांगतो. आपल्याकडं कोठी भरलेली असली की जिवाला थारा असतो. या लोकांची कोठी रोज रात्री रिकामी होत होती, आणि तरीही ते ४० वर्षं चालत राहिले!

पौल हा येशूचा प्रेषित करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा हीच गोष्ट शरीरावर आणून सांगतो. बाहेरचा माणूस झिजत चाललाय, आतला दिवसेंदिवस नवा होतोय, असा त्याचा आशय. हे लिहिणारा आरामखुर्चीत बसलेला नाही. त्याच पत्रात पुढं त्यानं आपला हिशेब दिलाय: पाच वेळा प्रत्येकी एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. रोमकरांना लिहिताना तो एक साखळीच जोडतो. संकटातून धीर येतो, धीरातून माणूस कसाला उतरतो आणि कसाला उतरलेल्याला आशा फुटते. आशा शेवटी येते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपण आशेच्या बळावर संकट सोसायला निघतो. पौल म्हणतो, सोसत जा, आशा वाटेत भेटेल.

हे सगळं टिळकांना एकवेळ सोपं होतं. ते कवी, पंडित, स्वतःच्या पायांनी त्या वाटेला लागलेले. खरी कसोटी लागली ती लक्ष्मीबाईंची.

लक्ष्मीबाई म्हणजे नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, शाळेचं तोंड न पाहिलेलं. वडिलांचं सोवळं असं कडक की बाजारातून आलेल्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात यायच्या नाहीत. अशा घरातल्या बाईला एके दिवशी कळतं की नवऱ्यानं धर्म बदलला. म्हणजे तिच्या लेखी संसार संपला, आणि नवरा तर जिवंत. ती पार खचली. लहानग्या दत्तूला घेऊन कधी पंढरपुरात, कधी नाशकात, नातेवाइकांच्या आधारानं तिनं दिवस काढले. जवळजवळ पाच वर्षं असा दुरावा. याच काळात तिनं कविता करायला सुरुवात केली. मग नवऱ्याजवळ राहायला आली, पण आपली चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं आपल्या जागी.

पुढं काय झालं ते तिनं ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलंय, आणि इतक्या साधेपणानं की वाचणाऱ्याला दोनदा वाचावं लागतं. एका रात्री तिच्या मनात जातीचा विचार घोळू लागला. देवानंच जाती केल्या असतील, तर गाय आणि घोडा जसे दिसायला वेगळे तशी माणसं वेगळी का नाहीत? विचार करता करता रात्र सरली, आणि ती ठरवून मोकळी झाली की यापुढं कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. बाप्तिस्मा तिनं नंतर घेतला, १९०० साली. आधी मन वळलं, तेही कुणाच्या उपदेशानं नव्हे, स्वतःच्या अंथरुणावर, स्वतःच्या तर्कानं.

आमच्या सिहोऱ्याकडं धान पिकतो. चांदपूरच्या तलावाचं पाणी बांध्यांत येतं आणि रोवणी सुरू होते. पऱ्हे उपटून चिखलात रोवले की पहिले काही दिवस बांधी बघवत नाही. हिरवंगार रोप पिवळं पडतं, माना टाकतं. नवख्याला वाटेल, गेलं पीक. जाणता शेतकरी तेव्हा रोप उपटून मूळ धरलं का बघत बसत नाही. पाणी राखतो, धुरे फुटले तर बांधतो आणि वाट बघतो. लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं मी वाचतो तेव्हा मला पिवळी पडलेली बांधी दिसते. टिळकांनीही तिला उपटून बघितलं नाही, हे श्रेय त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. तिचं सोवळं, तिची वेगळी चूल, तिचा राग, सगळं त्यांनी राहू दिलं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूनं हेच बियाण्यावरून सांगितलंय. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. पॅलेस्टाइनमध्ये गहू-जव मुठीनं फेकून पेरत, आपल्याकडच्या आवत्यासारखं. या दाखल्यात शेतकऱ्याचं अज्ञान हा दोष नाही, उलट त्याला झोप लागते हीच त्याची श्रद्धा.

पण वाट बघण्याच्या काळात करायचं काय? नुसतं बसून राहणं म्हणजे धीर नव्हे. ख्रिस्ती परंपरेचं यावरचं उत्तर मराठी माणसाला लगेच उमगेल, कारण आपल्याकडं पारायण आहे, हरिपाठ आहे. जुन्या करारात १५० स्तोत्रं आहेत. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या इटालियन संन्याशानं आपल्या मठांसाठी नियम घालून दिला की ही सगळी स्तोत्रं दर आठवड्याला म्हणून व्हायला हवीत. पुढं इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकानं ती महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली. मन लागो न लागो, आजचा वाटा म्हणायचा. मन लागल्यावर प्रार्थना करू म्हणणाऱ्याची प्रार्थना होतच नाही, हे त्या जुन्या मंडळींनी ओळखलं होतं.

आणि या वाट्यात काय काय येतं ते बघा. भक्तीच्या पुस्तकात नुसती स्तुती असेल असं वाटतं, पण स्तोत्रांचा मोठा वाटा तक्रारीचा आहे. तेरावं स्तोत्र देवाला एकामागून एक चार वेळा विचारतं, किती काळ? बाविसाव्याची सुरुवात देवानं टाकून दिल्याच्या आक्रोशानं होते; क्रुसावर येशूच्या तोंडी तेच शब्द आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कुठंही उजेड नाही. हे शास्त्रात ठेवणाऱ्यांच्या धैर्यापुढं मला हात जोडावेसे वाटतात. खचलेल्या माणसाला त्यांनी शब्द दिले, आणि त्या शब्दांना पवित्र म्हटलं. ज्याच्या तोंडून दुसरं काही निघत नाही, त्यालाही म्हणायला एक स्तोत्र आहे.

आता थोडं या पुस्तकाच्या मराठीपणाबद्दल. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, जवळपास ११ हजार ओव्यांचं. पण बायबलच मराठीत आणायचं पहिलं मोठं काम झालं ते बंगालात, श्रीरामपूरला. मिशनरी विल्यम केरी यांच्या हाताशी वैजनाथ पंडित होते, नागपूरकडचे. १८११ साली नवा करार मराठीत आला तो मोडी लिपीत, आणि भाषेला वळण आपल्या बाजूचं. मुंबईकडच्या वाचकांना ती भाषा परकी वाटली. पुढं अमेरिकन मिशनऱ्यांनी तिकडं नवं भाषांतर केलं. त्याआधीच, १८१२ च्या मार्चमध्ये, श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. खिळे वितळले, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळून गेली. केरींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्याबद्दल काही सांगायचंच तर एवढंच सांगा की याला चिकाटीनं रेटता येत होतं, असं ते पुतण्याला म्हणाले होते.

यापेक्षाही मोठी चिकाटी केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दिसते. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकायची होती, ऐकू येईना म्हणून ते राहिलं. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना उपासमारीतून उचलून घेऊन गेल्या. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. या मुलींपैकी अनेकींनी मुक्ती सदनात अक्षर ओळखलं, आणि काहींनी तर छापखाना चालवायला घेतला.

त्या छापखान्यात रमाबाईंचं बायबल छापलं गेलं. आधीची भाषांतरं त्यांना पंडिती वाटायची. खेड्यातल्या बाईला वाचता यावं असं बायबल हवं, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी या एका कामाला दिली. शेकडो माणसांचं सदन चालवायचं आणि त्यातून रोज काही ओव्या पुढं सरकायचं. मुली खिळे जुळवायच्या, कागद मोडायच्या, बांधणी करायच्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. सदनाची धुरा जिच्या खांद्यावर द्यायची ती लेक. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. पुस्तक वाचून धीर येतो हे ऐकलेलं असतं. इथं एका बहिऱ्या, थकलेल्या, लेक गमावलेल्या बाईनं ते पुस्तकच शब्द शब्द करून पुन्हा आपल्या भाषेत उभं केलं, आणि ते करण्यातच तिला रोजचं बळ मिळत गेलं, असं मला ठामपणे वाटतं. मान्ना गोळा करणाऱ्यांसारखं; आजच्या ओव्या आज.

टिळकांचंही एक काम उरलं होतं. येशूचं चरित्र मराठी महाकाव्यात आणायचं, ‘ख्रिस्तायन’. भजनं त्यांनी शंभरावर केली, मराठी मंडळ्यांत ती अजून गायली जातात. ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पण ख्रिस्तायनाचे दहाएक अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. पुढचं काम उचललं ते लक्ष्मीबाईंनी. ज्या येशूच्या नावानं झालेल्या बाप्तिस्म्याच्या बातमीनं त्यांचा संसार मोडला होता, त्याच येशूच्या चरित्राचे ६४ अध्याय या शाळा न शिकलेल्या बाईनं लिहिले. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, त्याही म्हातारपणी. पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग अपुरा होता. तो पुरा केला देवदत्तांनी, म्हणजे पंढरपुरात आईच्या पदराला धरून राहिलेल्या त्याच दत्तूनं. ख्रिस्तायन १९३८ साली छापलं गेलं.

गाडीतली ती भेट १८९३ ची. मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली. त्यातला कुठलाही एक दिवस काढून बघितला तर त्यात डोळे दिपावेत असं क्वचितच काही सापडतं. एक अध्याय वाचला, एक ओवी जुळली, चुलीवरचं भांडं उतरवलं, पुन्हा लिहायला बसल्या.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी डोंगरावरच्या प्रवचनाकडं बोट दाखवीन. तुमसर रोडवर गाडीची वाट बघतानाही ते वाचून होतं. मग मार्काचं शुभवर्तमान, सोळाच अध्याय. आणि स्तोत्रं रोज सकाळी एक. रोवणीच्या दिवसांत पहिलं धरलं तर धान कापून, चुरून घरी येईस्तोवर दीडशेही होतात. मनातल्या मनात नको, मोठ्यानं वाचावीत. ती मुळात गाण्यासाठीच आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस कधीतरी अठ्ठ्याऐंशीवं येईल. ते वगळू नये. त्या दिवशी ज्याला त्याची गरज नाही, त्यानं ज्याला आहे त्याच्यासाठी ते म्हणावं.